घेवड्याची मूळकूज आणि उपयोगी जिवाणू: गेल्या वर्षी चाललं, यंदा का नाही?

वाफसा

मंडळी, जिवाणूंच्या बीजप्रक्रियेवर इथे सुटे सुटे प्रतिसाद पुष्कळ आहेत, पण घेवड्याबद्दल सलग असं काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय. आधीच चर्चा झाली असेल तर दुवा द्या, हा उडवायला सांगतो.

गेल्या हंगामात घेवड्याच्या बियाण्याला सूडोमोनास फ्लुरेसन्स या उपयोगी जिवाणूची भुकटी चोळून पेरा केला. उगवण झकास, मर नावालाच. यंदा तेच रान, तेच वाण, तीच भुकटी (म्हणजे पाकीटसुद्धा तेच, अर्धं उरलं होतं). आणि आता पहिल्या जोडपानांवर आलेली रोपं रोज थोडी थोडी आडवी होताहेत. घाबरून त्या ओळींत उरलेली भुकटी पाण्यात कालवून मुळाशी ओतली, म्हणजे आळवणीही केली. पडलेलं रोप काही उठलं नाही.

हे जिवाणू बुरशीचं नेमकं करतात काय, आणि एकदा चाललेलं दुसऱ्यांदा का चालत नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिकित्सक_०७

"पाकीटसुद्धा तेच." उत्तर तुम्हीच कंसात लिहून ठेवलंय.

मुळाक्षर

पाकिटाचं बघूच, पण आधी रोप बघू. वाफसा, चार-पाच रोपं उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि काय दिसतं ते लिहा. उपटलं की कुजलेला भाग मातीतच राहतो आणि हातात येतो तो चांगला शेंडा.

काय पाहायचं ते सांगतो. बुंध्यावर जमिनीलगत लालसर तपकिरी, खोलगट, कडा स्पष्ट असलेले व्रण असतील तर संशय रायझोक्टोनियावर. मूळ आणि बुंधा पाणी मुरल्यासारखा, पिळपिळीत झाला असेल तर पिथियम. बुंध्याभोवती पांढरं कापूस आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम रॉल्फसाय. सोटमुळावर तांबूस उभ्या रेषा, पुढे सगळं मूळ तपकिरी आणि कोरडं, तर फ्युजारियम सोलानाय. बुंधा राखाडी आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके म्हणजे मॅक्रोफोमिना, ती उन्हाळी ताणाची सोबतीण. आणि झाड मोठं झाल्यावर एका बाजूने पिवळं पडलं, बुंधा उभा चिरला तर आतल्या नळ्या तपकिरी निघाल्या, तर ती खरी मर, फ्युजारियम ऑक्सिस्पोरम.

आपण सगळ्यालाच "मर" म्हणतो आणि एकच पुडी सोडतो. निम्मा घोळ तिथेच होतो.

वाफसा

सकाळी खणून पाहिलं. रानाच्या वरच्या अंगाला तुम्ही म्हणता तसे लालसर खोलगट व्रण, काही रोपं त्या जागीच मोडलेली. खालच्या अंगाला, जिथे पाणी तुंबतं, तिथे मात्र बोटाने दाबलं की साल निघून येते, आत दोऱ्यासारखं काहीतरी उरतं. म्हणजे दोन वेगळे रोग?

मुळाक्षर

हो, बहुतेक दोन. वर रायझोक्टोनिया, खाली पिथियम. (पिथियम शास्त्राच्या हिशेबाने खरी बुरशी नाहीच, शैवालांच्या नात्यातली आहे. हे पंडिती वाटेल, पण व्यवहारात फरक पडतो: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही.)

आता तुमचा मूळ प्रश्न. जरा लांबण लागेल.

घेवड्याचं बी ओल्या मातीत पडलं की ते पाणी ओढतं आणि ओढताना त्यातून साखर, अमिनो आम्लं बाहेर झिरपतात. मातीत उपाशी बसलेल्या पिथियमला ती जेवणाची हाक असते. काही तासांत तिचे तंतू निघतात आणि पहिल्या दिवसातच बियापर्यंत पोचतात. रायझोक्टोनियालाही असाच सुगावा लागतो. बियावर आधीच जिवाणू बसलेले असले तर ती साखर ते खातात, वाढतात आणि कोंबाबरोबर मुळावर सरकत जातात. म्हणजे सगळा खेळ जागा आधी कोण धरतो याचा आहे. बुरशी आत शिरून ऊती कुजवायला लागल्यावर वरून कितीही जिवाणू ओता, ते बाहेरच बसून राहणार. पडलेल्या रोपांवरची तुमची आळवणी म्हणूनच वाया गेली. शेजारच्या उभ्या रोपांना केली असती तर काहीतरी अर्थ होता, तोही भुकटीत जीव असता तर.

जागा धरण्याखेरीज ते आणखी तीन गोष्टी करतात.

लोह पळवतात. मातीत लोह पुष्कळ असलं तरी विरघळलेलं फार थोडं असतं. सूडोमोनास पायोव्हर्डिन नावाचं हिरवट पिवळं द्रव्य सोडतो, ते लोहाला घट्ट पकडतं आणि तो जिवाणूच ते परत आत घेऊ शकतो. बुरशी उपाशी. अतिनील दिव्याखाली हेच द्रव्य चमकतं म्हणून नाव "फ्लुरेसन्स". लोहाच्या या ओढाताणीचा मुळांच्या आरोग्याशी संबंध १९८० साली क्लोपर आणि सहकाऱ्यांनी दाखवला.

विष सोडतात. सूडोमोनासच्या काही वाणांत फेनाझिन, पायरोलनायट्रिन, डायअसिटाइलफ्लोरोग्लुसिनॉल, झालंच तर हायड्रोजन सायनाइडसुद्धा. बॅसिलस या दुसऱ्या उपयोगी जिवाणूची तऱ्हा वेगळी, तो लायपोपेप्टाइडं (मेदाची शेपटी जोडलेले प्रथिनांचे छोटे तुकडे) बनवतो. त्यातली इट्युरिन आणि फेन्जायसिन बुरशीच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात.

आणि झाडाला जागं करतात. माझ्या मते घेवड्याच्या बाबतीत हा सगळ्यांत गमतीचा भाग. २००७ साली बेल्जियममधल्या ओंगेना यांच्या गटाने बॅसिलसची सर्फॅक्टिन आणि फेन्जायसिन ही द्रव्यं शुद्ध करून घेवड्याच्या मुळांना दिली आणि बोट्रायटिस ही राखाडी बुरशी पानांवर टोचली. पानांवरचा रोग कमी झाला. बुरशी आणि ते द्रव्य समोरासमोर आलेच नाहीत! झाडाने स्वतःच कडी लावून घेतली. सर्फॅक्टिन स्वतः बुरशीनाशक म्हणून तसं दुबळं आहे, पण झाडाच्या दारावरची घंटा वाजवायला पुरतं.

उलटतपासणी

मुळाक्षर, माहिती उत्तम, पण एक सांगा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जिवाणूभोवती बुरशी न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, फोटो छान येतो, आणि रानात तोच जिवाणू ढिम्म हलत नाही. हे किती वेळा पाहिलंय! मग हे सगळं प्रयोगशाळेतलं कौतुकच नाही का? माझा स्वतःचा अनुभव एक वर्ष हो, दोन वर्षं नाही.

मुळाक्षर

आक्षेप रास्त आहे. बशीत जिवाणूला भरपेट अन्न असतं, प्रतिस्पर्धी एकच, तापमान ठरलेलं. मातीत त्याला हजारो जातींशी भांडायचं असतं. बशीतला पहिलवान मुळावर टिकेलच असं नाही, आणि उलट, बशीत वर्तुळ न पाडणारा एखादा वाण मुळावर छान काम करतो, कारण तो झाडाला जागं करणारा असतो. बशीत झाडच नसतं, मग ते दिसणार कसं?

पण "रानात चालत नाही" याच्या पोटात बऱ्याचदा साधी अंकगणिताची गोष्ट असते. भुकटीच्या १ ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असं धरू. किलोभर बियाण्याला १० ग्रॅम चोळली म्हणजे १०० कोटी. घेवड्याचे १०० दाणे साधारण ३० ग्रॅम भरले तर किलोत ३,३०० च्या आसपास दाणे. दाण्यामागे आले ३ लाख जिवाणू, तेही सगळे चिकटले तर. मुळ्याच्या मर रोगावर झालेल्या प्रयोगांत मुळाच्या १ ग्रॅममागे साधारण १ लाख सूडोमोनास असतील तरच रोग दबला, त्याखाली नाही. म्हणजे सुरुवात बरी आहे, पण उधळायला फारसं काही नाही. आता त्या भुकटीतले ९९ टक्के जिवाणू मेलेले असतील तर दाण्यामागे ३ हजारच उरतात. रंग तोच, वास तोच, पाकीट तेच.

सूडोमोनासला कडक बीजाणू बनवता येत नाहीत. शंखजिऱ्याच्या भुकटीत तो काही महिने तग धरतो, उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवला तर तेवढाही नाही. बॅसिलस बीजाणू करून झोपतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं सहज टिकतो. तुमचं पाकीट बॅसिलसचं असतं तर कदाचित हा धागाच निघाला नसता.

गवताची_काडी

अवांतर: बॅसिलस सबटिलिसला जुन्या पुस्तकांत "गवताचा बॅसिलस" म्हणतात. वाळलं गवत पाण्यात भिजवून काढा उकळला, तरी काही दिवसांनी त्यात तो पुन्हा उगवायचा. फर्डिनांड कोह्नने १८७६ साली दाखवलं की उकळीतून वाचतात ते त्याचे बीजाणू. त्या काळच्या "सजीव आपोआप निर्माण होतात का" या वादात हा मोठा मुद्दा होता. आमचं सदस्यनाम तिथूनच आलंय.

चिकित्सक_०७

गवताची_काडी, आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं बुडत्याला आधार द्यायला आलाय.

नवी_पालवी

एक बाळबोध शंका. घेवड्यावर तो प्रभावलयी करपा येतो ना, पानावर ठिपका आणि भोवती पिवळं वलय, तोही सूडोमोनासमुळेच असं वाचलं. मग आपण हौसेने तोच रोग बियाला चोळतोय की काय?

मुळाक्षर

शंका अजिबात बाळबोध नाही. वलयवाला करपा करतो सूडोमोनास सव्हास्टनॉय, त्याचा फॅसिओलिकोला हा प्रकार. भुकटीत असतो फ्लुरेसन्स किंवा त्याचे जवळचे भाऊ. आडनाव एक, वागणूक वेगळी. पहिल्याकडे घेवड्याच्या पेशींत प्रथिनं टोचायची सुईसारखी यंत्रणा आणि फॅसिओलोटॉक्सिन हे विष आहे, दुसरा मुळाच्या पृष्ठभागावर झिरपणाऱ्या साखरेवर जगतो.

पण तुमच्या शंकेतून एक कामाची गोष्ट निघते. हा करपा बियातून येतो आणि तो जिवाणूजन्य आहे. बुरशीसाठी केलेल्या बीजप्रक्रियेवर विसंबून रोगट शेतातलं बी वापरलं तर काही खरं नाही. बियातून येणाऱ्या बुरशीजन्य करप्याचंही (कोलेटोट्रायकम) तसंच. तो बियाच्या सालीखाली, कधी डाळीपर्यंत गेलेला असतो. वरून चोळलेला जिवाणू तिथवर पोचत नाही. तिथे निरोगी बी हाच उपाय.

डबल_डोस

मी बुरशीनाशक, ट्रायकोडर्मा, सूडोमोनास आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारा जिवाणू) सगळं एकदम चोळतो. काही ना काही तरी लागू पडेलच.

उलटतपासणी

लागू काय पडलं ते कळणार कसं पण?

ओळ_आणि_सरी

डबल_डोस, तुमच्या मिश्रणात कोण कोणाला मारतंय ते बघा.

ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, तो स्वतःच बुरशी आहे. बुरशीनाशकाला मित्र-शत्रू कळत नाही, कार्बेन्डाझिमसमोर तो टिकत नाही. जिवाणूंचं वेगळं. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीविभाजनातल्या ज्या प्रथिनावर घाव घालतं ते जिवाणूत नसतंच, त्यामुळे बॅसिलस, सूडोमोनास त्यातून बहुधा सुटतात. पण ताम्रयुक्त औषधं, थायरम, कॅप्टन, मॅन्कोझेब ही चौफेर मारा करणारी. त्यांच्यासोबत एकाच भांड्यात जिवाणू, आणि विशेषतः रायझोबियम, घालू नये. सूडोमोनासचे काही वाण ट्रायकोडर्मालाही दाबतात, काही नाही. उत्पादकाने चालतं असं लेबलवर लिहिलं असेल तरच एकत्र करा.

रायझोबियम मात्र सोडू नका. घेवडा गाठी धरण्यात शेंगवर्गातला आळशी गडी आहे, त्याला मदत लागते. मी आधी बॅसिलसचा पातळ लेप देतो, सावलीत सुकवतो, शेवटी रायझोबियम लावून त्याच दिवशी पेरतो.

आणि एक, हे फार जण चुकतात: घेवड्याचं बी जिवाणूच्या पाण्यात रात्रभर भिजत घालू नका. साल पातळ, आतल्या डाळी ठिसूळ. भसकन पाणी ओढलं की डाळींना चिरा जातात, आणि मग तीच साखर दुपटीने झिरपते, ज्याची हाक मुळाक्षर सांगत होते. चिकट द्रावण अगदी थोडं, दाणा ओलसर होईल एवढंच. हाताने चोळताना साल निघायला लागली तर पाणी जास्त झालं समजा.

डबल_डोस

सालीचं खरंय, माझी निघते. मला वाटायचं बी जुनं आहे.

पिंपभर

महागड्या पुड्या कशाला? एक पुडी साखरेच्या पाण्यात टाका, आठवडाभर पिंपात ढवळा, शेकडो लिटर तयार. मी तेच करतो.

मुळाक्षर

पिंपभर, शेकडो लिटर काहीतरी तयार होतं हे मान्य. काय, ते सांगाल?

साखरेच्या उघड्या पाण्यात हवेतले, पिंपाला चिकटलेले, पाण्यातले सगळेच जिवाणू आणि यीस्ट वाढतात. सूडोमोनासला भरपूर प्राणवायू लागतो. काठीने दिवसातून दोनदा ढवळलेल्या पिंपात तो लवकर संपतो, द्रावण आंबतं, आम्लता वाढते, आणि आठव्या दिवशी उरतात ते आंबवणारे गडी. फेस आला म्हणजे आपला जिवाणू वाढला असं नव्हे. प्रयोगशाळेत निर्जंतुक माध्यम, सतत हवा आणि शेवटी बशीवर मोजणी एवढा खटाटोप उगाच करत नाहीत. नळाचं पाणी वापरत असाल तर त्यातलं क्लोरीन पहिल्याच घोटात पुडीला लोळवतं, ते वेगळंच.

संख्या वाढवायची हौस असेल तर पुडी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत झाकून ठेवा आणि पेरणीआधी सरीत द्या. तिथेही नेमके किती वाढले ते कळत नाही, पण निदान आंबोण तरी होत नाही.

पिंपभर

माझं पीक चांगलं येतं बुवा. बाकी तुम्ही म्हणाल ते.

उलटतपासणी

पिंपभर, पुढच्या खेपेला दोन ओळी पिंपाशिवाय ठेवा. चांगलं पीक पिंपामुळे की पिंप असूनही, ते तरी कळेल.

सायसाखर

माझा घेवडा फुलावर आहे आणि थंड, ढगाळ हवेत शेंगांवर कापसासारखी पांढरी बुरशी येते, नंतर आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे खडे सापडतात. याला बीजप्रक्रिया चालेल का पुढच्या वर्षी?

मुळाक्षर

ही स्क्लेरोटिनिया. बीजप्रक्रियेचा इथे जवळजवळ उपयोग नाही, कारण वाटच वेगळी आहे. ते काळे खडे जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात, थंडी आणि ओल मिळाली की त्यातून बारीक वाटीसारख्या छत्र्या निघतात आणि हवेत बीजाणू उधळतात. ते थेट हिरव्या शेंगेत शिरत नाहीत, आधी सुकत चाललेल्या पाकळीवर बसतात. ती पाकळी गळून फांदीच्या बेचक्यात किंवा शेंगेवर अडकली की तिथून आत.

म्हणून जिवाणू पाकळीवर हवा, आणि तोही बीजाणू पोचण्याआधी. बॅसिलसची फवारणी फुलोरा सुरू होताना आणि मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण दरम्यान नवी फुलं उमललेली असतात. संध्याकाळी करा, अतिनील किरणं पानावरच्या जिवाणूंना भाजून काढतात. दाट पेरा असेल तर ओळींतलं अंतर वाढवून वारा खेळता केल्याशिवाय नुसत्या फवारणीवर भिस्त ठेवू नका. खड्यांवरच हल्ला करणारी एक बुरशी आहे, कोनिओथायरियम मिनिटॅन्स. ती आधीच जमिनीत द्यावी लागते आणि तिला खडे फोडायला काही महिने लागतात.

गवताची_काडी

पुन्हा अवांतर, पण राहवत नाही. वर पायरोलनायट्रिनचं नाव आलं. ते १९६४ साली जपानमध्ये सूडोमोनासमधून वेगळं काढलं. उन्हात लगेच विघटन पावतं म्हणून शेतात वापरता येईना. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याचाच सांगाडा घेऊन उन्हात टिकणारं रूप बनवलं, ते फ्लुडिओक्सोनिल. बियाण्याला लावतात त्या औषधांत हेही असतं. तेव्हा "रासायनिक की जैविक" असं भांडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, दोघांचे आजोबा एकच.

वाफसा

धागा वर काढतोय, कारण वृत्तांत द्यायचा राहिला होता.

पडलेल्या जागी दुबार पेरा केला. या वेळी ताजी बॅसिलसची भुकटी, मुदत बघून घेतलेली. ओळ_आणि_सरी यांनी सांगितल्याप्रमाणे पातळ लेप, सावलीत सुकवणं, त्याच दिवशी पेरणी. उलटतपासणी यांचा टोमणा डोक्यात होता म्हणून दर तिसरी ओळ बिनउपचाराची ठेवली आणि खुंट्या ठोकून खुणा केल्या.

वरच्या अंगाला फरक डोळ्यांना दिसतो. बिनउपचाराच्या ओळी विरळ आहेत, बुंध्यावर तेच लाल व्रण. लेप दिलेल्या ओळींतही व्रण आहेत, पण उथळ, आणि रोपं मोडलेली नाहीत. खणून पाहिलं तर व्रणाच्या वरच्या बाजूला नवी मुळं फुटलेली. त्यांना मातीची भर दिली.

खालच्या अंगाला मात्र दोन्ही प्रकारच्या ओळी सारख्याच गेल्या. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि दोन दिवस पाणी हललं नाही.

उलटतपासणी

हा खरा विदा! खालचा निकाल लपवला नाहीत त्याबद्दल विशेष आभार. मी माझं "एक वर्ष हो, दोन वर्षं नाही" पुन्हा तपासतो, कारण माझ्याकडे तुलनेच्या ओळी एकाही वर्षी नव्हत्या.

मुळाक्षर

वाफसा, खालच्या अंगाला जिवाणूंचा दोष नाही. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात, बॅसिलसलाही प्राणवायू कमी पडतो, आणि पिथियमचे पोहणारे बीजाणू त्याच पाण्यातून रोपारोपांत फिरतात. तिथे आधी चर काढा किंवा गादीवाफे करा. आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या रानात घेवड्यामागे घेवडा नको. तृणधान्याचा बेवड पडू द्या, म्हणजे फ्युजारियमचंही बळ कमी होईल. रायझोक्टोनिया मात्र बऱ्याच पिकांवर जगते, फेरपालटीने ती सहज हटणार नाही. अर्धवट कुजलेला पालापाचोळा पेरणीआधी पुरता कुजू द्या, तिचं घर तिथे असतं.

उरलेली भुकटी कुठे ठेवलीय?

वाफसा

पत्र्याच्या खोलीत. आत्ता उठून आणतो.